मधल्या टेबलावर बसणारी कुंदाताई

मागच्या महिन्यात आमच्या विभागात धाराशिवची एक नवी मुलगी शिकवायला आली. आठवड्याभरातच तिनं मला विचारलं, "मॅडम, इथं चांगलं खायला कुठं मिळतं हो? मेसचं जेवण घशाखाली उतरत नाही."

मी सांगायला लागले. पिंपरी कॅम्पात दाल-पकवान खायचं ते सकाळी, आणि पकवान हातानं मोडायचं, चमचा मागायचा नाही. आकुर्डी स्टेशनबाहेरचा वडापाव चांगला, पण कढईशेजारी उभं राहून खायचा. कागदात बांधून घेतला की गेला. निगडीला एक मालवणी बाई मासे करते, तिला 'काय काय आहे' असं विचारायचं नाही, 'आज काय आणलंय' असं विचारायचं. तळवड्याच्या अलीकडं जळगावचा एक जण शेवभाजी करतो. पहिल्या घासाला ठसका लागला तर लाजायचं नाही, तिथं सगळ्यांनाच लागतो.

मुलगी कान देऊन ऐकत होती. यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. सगळी कुंदाताईची होती, आणि ती आता कुणालाच काही सांगू शकत नाही.

कुंदाताई आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात काउंटरवर बसायची. चाकणच्या पलीकडं एका गावात दिलेली, पुढं नवऱ्याच्या कंपनीमुळं चिंचवडला येऊन राहिलेली. उंचीनं बेताची, अंगानं भरलेली. साडी सुती, कडक इस्त्रीची, आणि पदर कायम कमरेला खोचलेला. माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, गावं राहत. त्यामुळं आम्ही सगळे तिच्यासाठी गावंच होतो. शिपाई 'सांगोला', मुख्य लिपिक 'चिपळूण', आणि प्राचार्य त्यांच्या माघारी 'कराड'. मी 'परभणी'.

मी नोकरीला लागले तेव्हा संत तुकाराम नगरात एका खोलीत राहायचे. एका बाईंचा डबा लावला होता. एक दिवस ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत मी तो डबा उघडून नुसती बसले होते. भाजीला आंबूस वास येत होता. कुंदाताई पुस्तकं लावायला आत आली, थांबली, नाक उचलून तिनं वास घेतला.

"कुठली गं तू?"

"परभणीची."

"परभणीत असलं खात्यात व्हय? टाक ते. ऊठ."

तिनं मला तिच्या गाडीवर मागं बसवलं. डोक्यात नवऱ्याचं हेल्मेट, ते तिला इतकं मोठं की वळताना तिची मान आधी वळे आणि हेल्मेट नंतर. पिंपरीच्या भाजीबाजारामागं मिसळीचं एक दुकान होतं. आत सगळे पुरुष. पहिल्या शिफ्टचे, गाळेवाले, टेम्पोवाले. पोऱ्यानं आम्हाला बघून सवयीनं जिन्याकडं बोट दाखवलं. "ताई, फॅमिली वरती."

कुंदाताईनं तिकडं बघितलंही नाही. सरळ दुकानाच्या मधोमध गेली आणि मधल्या टेबलावर बसली. मी अवघडून उभी.

"बस खाली. वर पंखा असतोय, पडदा असतोय, समदं असतंय. पण रस्सा जिना चढून जाईस्तवर गार हुतोय. आपण काय पडदा खायाला आलोय?"

मिसळ आली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर तिनं हातानं थांबवलं. "गरम हाय तंवर बोलायचं न्हाई." मग आम्ही खाल्लं. घर सोडल्यापासून मी पहिल्यांदा पोटभर जेवत होते, आणि माझं नाक वाहत होतं ते नुसतं तिखटानं नाही. कुंदाताईला ते कळलं असणार. तिनं पावाची बशी माझ्याकडं सरकवली आणि रस्त्याकडं बघत बसली.

त्यानंतर आठवड्यातून एकदा तरी आम्ही बाहेर खायला जात असू. कधी दोघी, कधी वसतिगृहातल्या दोन-चार पोरी बरोबर. कुंदाताई कुठंही गेली की आधी स्वयंपाकघराच्या दाराशी जायची. आत डोकावायची. कोण करतंय, कुठलं आहे, सकाळपासून काही खाल्लंय का, एवढं विचारून मगच येऊन बसायची. पोरी ताटाचे फोटो काढायला लागल्या की म्हणायची, "दावून झालं की सांगा. मंग मी पुन्यांदा गरम करून आणते." पार्सलवर तिचा दात होता. तिचा मुलगा सचिन हिंजवडीत नोकरीला, मारुंजीत भाड्यानं राहायचा. तासभर गाड्यांच्या रांगेत अडकून ती त्याच्याकडं पोचायची, आणि आईला त्रास नको म्हणून त्यानं मोबाइलवरून जेवण मागवलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी ती मला सांगायची, "डब्यात अन्न घामेजतं गं. आन् वर पिशवीला गाठ. अन्न काय पळून चाललंय?"

तिच्या या गरम खाण्याची आम्ही थट्टा करायचो. तिलाही ती आवडायची. ते खरं काय होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

तिचं सासर मोठं होतं. आधी पुरुष जेवायचे, मग पोरं, मग सासू आणि चुलतसासवा. सुना शेवटी. "म्या भाकरी थापायची न् पुढं द्यायची," ती म्हणाली. "चुलीम्होरं मीच, तव्यावरची भाकरी फुगायची ती माज्या डोळ्याम्होरं. पर माज्या ताटात यायची ती टोपलीच्या तळातली. कोरड्यास गार, कंदी नुसता खरडा. इतकी वर्सं भाकरी केली, पर फुगल्याली कशी लागती ते ठावं नव्हतं."

पुढं दत्तोबा, म्हणजे तिचा नवरा, कंपनीत कायम झाला आणि ते चिंचवडला आले. एकदा गावाकडून येताना तो तिला रस्त्यावरच्या एका ढाब्यात घेऊन गेला. वाढप्यानं तव्यावरची भाकरी आणून तिच्या ताटात टाकली. ती बसून राहिली. दत्तोबाचं होईपर्यंत थांबायचं, एवढंच तिला माहीत. वाढपी म्हणाला, "ताई, गार होतेय की."

"मंग म्या तुकडा मोडला," कुंदाताई म्हणाली. "आतनं वाफ आली. मला रडूच फुटलं बघ. ह्यांना वाटलं ठेचा लागला. ह्यांनी दही मागवलं."

हे सांगून ती खूप हसली. मीही हसले.

एका वर्षी सत्र संपल्यावर ती आम्हाला, मला आणि वसतिगृहातल्या पोरींना, चाकणला एका खानावळीत घेऊन गेली. कंपन्यांच्या रस्त्याला लागून पत्र्याची शेड, बाहेर ट्रक उभे. आत चालक आणि कामगार. मालक गल्ल्यावरून उठून पुढं आला. "ताई, पार्सल देतो. बायकांना इथं बसायची सोय न्हाई."

"का? बाकड्यास्नी काटं हायेत का?"

कोपऱ्यातल्या दोन-तीन जणांनी आपापली ताटं उचलून जागा करून दिली. आम्ही बसलो. मटण आलं, भाकऱ्या येत राहिल्या. एकेक भाकरी आतून एक हात बाहेर देई आणि वाढपी ती घेई. तो हात बांगड्यांचा होता. कुंदाताईचं लक्ष त्या हाताकडंच. जेवण झाल्यावर ती उठून आत गेली. मी तिच्या मागं.

आत चुलीपुढं मालकाची बायको बसली होती. घामानं निथळत होती. नाव अलका. आम्ही बायका आहोत हे बघून ती ओशाळून हसली.

"जेवलीस का गं?" कुंदाताईनं विचारलं.

"जेवीन की. गिऱ्हाईक उरकू द्या."

"ऊठ तिथनं."

अलकाला आधी कळेचना. कुंदाताईनं तिला दंडाला धरून उठवलं, पाटावर बसवलं, स्वतः चुलीपुढं बसली आणि पीठ मळायला घेतलं. त्या इस्त्रीच्या साडीवर पिठाचे हात पुसत तिनं भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्यावर धरली. ती टम्म फुगली. तशीच अलकाच्या ताटात घातली, वर रस्सा वाढला. बाहेरून वाढपी ओरडत होता, "भाकरी! भाकरी!" मालक दारात येऊन उभा राहिला. त्याला बघून अलका उठायला लागली.

"बसायचं," कुंदाताई म्हणाली. आणि मग मालकाकडं वळून, शांतपणे, "भाऊ, गिऱ्हाइकाला सांगा, बाई जेवतीय."

त्यानं बाहेर जाऊन तसं सांगितलं. ट्रकवाले थांबले. पोरी रिक्षानं परतल्या. येताना गाडीवर कुंदाताई काहीबाही गुणगुणत होती. तिला तेवढं आनंदात मी कधीच पाहिलं नव्हतं.

मग एक दिवस मिसळीच्या दुकानात तिनं दहीभात मागवला. मी चेष्टा केली. ती म्हणाली, "दात लागलाय जिभंला. तिखट झोंबतंय." पुढच्या आठवड्यातही दहीभात. दाताच्या डॉक्टरनं टोकदार दात घासून दिला. जिभेच्या कडेला छोटासा पांढरट चट्टा होता तो काही हटेना. शेवटी सचिननं तिला मोठ्या दवाखान्यात नेलं, तुकडा काढून तपासायला दिला. निकाल ऐकायला मीही बरोबर गेले होते, कारण सचिनला एकट्यानं आत जायची भीती वाटत होती.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी आधी विचारलं, "आजी, तंबाखू खायच्या का कधी?"

"न्हाई."

"मिश्री?"

कुंदाताईनं सचिनकडं बघितलं. मग म्हणाली, "व्हय. सासरी व्हते तवा. नोकरीला लागल्यावर सोडली."

"किती वेळा लावायच्या दिवसातून?"

"सकाळी एकदा. मंग पंगती चालू झाल्या की पुन्यांदा. भूक मरती त्यानं. जेवायला लई येळ असायचा ना."

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. सचिन आईकडं बघत राहिला. त्याला हे काही ठाऊक नव्हतं. दत्तोबा भिंतीला टेकून उभा होता, कंपनीचं जुनं जाकीट घालून. तो बाहेर गेला.

मी त्याच्या मागं गेले. तो बाकावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. हा माणूस एरवी चार शब्दांच्या वर बोलायचा नाही. माझ्याकडं न बघता म्हणाला, "मी पैल्या पंगतीला बसायचो, मॅडम. रोज. हीच वाढायची. म्या कंदी मान वर करून बघितलंच न्हाई, हिनं कवा खाल्लं ते."

मी त्याच्या शेजारी बाकावर बसले.

जिभेचा अर्ध्याहून जास्त भाग काढावा लागेल, असं सांगितलं होतं. ऑपरेशनच्या आधी कुंदाताईनं एकच गोष्ट मागितली. चाकणला जायचंय. सचिननं गाडी काढली. दत्तोबा, मी, सगळे गेलो. तिखट तर तिला आता अजिबात चालत नव्हतं, गरमही सोसत नव्हतं. अलकाला आम्ही फोन करून ठेवला होता. तिनं भाकरी केली, दुधात कुस्करली, हातानं मऊ केली, आणि बाहेर स्वतः घेऊन आली. भर दुपारी, सगळ्या गिऱ्हाइकांमध्ये, ती कुंदाताईशेजारी बाकावर बसली.

कुंदाताई फार हळू जेवली. एकेक घास तोंडात बराच वेळ धरून ठेवत होती. दुखत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण सगळं तिनं संपवलं. बोट फिरवून वाटी पुसून घेतली. मग अलकाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "ग्वाड हाय गं भाकरी. जुंधळा नवा दिसतोय." तिचं स्पष्ट ऐकू आलेलं हे जवळजवळ शेवटचं वाक्य.

ऑपरेशन झालं. वर किरणांचे उपचार झाले. आधी नाकातून आणि मग पोटातून नळी आली. दत्तोबा पातळ पेज, गाळलेलं वरण, दूध असं मोठ्या पिचकारीतून त्या नळीत सोडायचा. तोंडाला ती स्कार्फ बांधायची. बोलणं घशातून आल्यासारखं, गोळा झालेलं. आम्हाला चौथ्या-पाचव्यांदा कळायचं, दत्तोबाला पहिल्यांदा. वास मात्र तिला येत होता. नळीत सोडण्याआधी ती भांडं जवळ मागायची आणि वास घ्यायची. एकदा पेज करपली होती, तर तिनं भांडं परत पाठवलं. दत्तोबा हसत सांगत होता मला. सांगता सांगता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला.

थोडी ताकद आली तशी तिनं मला खुणेनं सांगितलं, चल. कुठं, ते विचारायची गरज नव्हती. रिक्षा करून आम्ही मिसळीच्या दुकानात गेलो. ती मधल्या टेबलावर बसली. लोक बघत होते. ओळखीच्या मालकानं येऊन हात जोडले आणि टेबल पुसायला घेतलं. टेबल स्वच्छच होतं.

एकच मिसळ आली. तिनं बशी स्वतःपुढं ओढली, वाकून वास घेतला, डोळे मिटले. मग बशी माझ्यापुढं सरकवली.

"मला नको, ताई."

तिनं माझ्या हातावर चापट मारली. जोरात. मी घास घेतला. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"कशंय?" असं काहीसं ती म्हणाली.

"छान आहे."

तिनं मान हलवली. असं नाही. पुन्हा विचारलं. मी दुसरा घास घेतला, यावेळी नीट, जिभेवर ठेवून. "मटकी जरा कच्ची राहिलीय," मी म्हणाले. "तर्री चांगली आहे. पण आज खोबरं जास्त भाजलंय, कडवट लागतंय शेवटी."

तिचे डोळे एकदम चमकले. तिनं मालकाकडं बोट केलं, खोबऱ्याची खूण केली, हात उलटासुलटा करून 'करपवलंस' असं सांगितलं. मालक म्हणाला, "व्हय ताई, आज नवा माणूस हाय." कुंदाताई स्कार्फमागं हसली. मग पुढचं ऐकायला टेबलावर पुढं झुकून बसली. मी सगळी मिसळ संपवली, प्रत्येक घासाचं तिला सांगत. पुढचे काही महिने हेच आमचं खाणं होतं. पकवान कसं मोडलं, शेवभाजीत आज लसूण किती, वड्यात आलं लागतंय का. मी आयुष्यात तेवढं लक्ष देऊन कधी जेवले नव्हते आणि तेवढं अवघड जेवणही कधी जेवले नव्हते.

मग मानेत गाठ आली. डॉक्टरांनी सचिनला बाजूला घेऊन सांगितलं. बाहेर जाणं थांबलं.

ती गेल्याचं सचिननं फोनवर सांगितलं तेव्हा मी परीक्षेच्या वर्गावर होते. पेपर संपेपर्यंत मी बाकांमधून फिरत राहिले. त्या दिवसाचं मला याहून जास्त काही आठवत नाही. अलका अंत्ययात्रेला आली होती, एवढं आठवतं, आणि तिच्याबरोबर तिचा नवराही.

मी कुंदाताईला शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या रविवारी, दुपारी. दत्तोबानं दार उघडलं, मला तिच्याजवळ बसवलं आणि तो आत गेला. स्वयंपाकघराचं दार त्यानं ओढून घेतलं. कुंदाताई उशीला टेकून होती. हात काठीसारखे झाले होते. मी कॉलेजातलं काहीबाही सांगत होते. मध्येच ती थांब म्हणाली, हातानं. तिनं नाक उचललं. मग शेजारचा चमचा घेऊन पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवायला लागली.

दत्तोबा तोंड पुसत बाहेर आला. "काय झालं? पाणी पीत व्हतो."

तिनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. मग आत बोट केलं. घेऊन ये.

मी दाराच्या फटीतून पाहिलं. आत खिडकी बंद होती. ओट्यावर ताट होतं, वांग्याची भाजी आणि भात, अर्धवट खाल्लेला. तिला वास येऊ नये म्हणून तो रोज असाच दारंखिडक्या लावून, ओट्याशी उभा राहून जेवत असणार. त्यानं ताट आणलं. तिनं पलंगावर थाप मारली. तो बसला, ताट मांडीवर घेतलं, पण त्याचा हात उचलेना.

"न्हाई जात गं," तो म्हणाला.

कुंदाताईनं ताट आपल्याकडं ओढलं. वांग्याचं देठ वेगळं काढून कडेला ठेवलं. भात आणि भाजी हळूहळू कालवली, बोटांना जोर नव्हता म्हणून बराच वेळ कालवली. घास केला आणि त्याच्या तोंडाशी धरला. दत्तोबानं तोंड उघडलं.

मी उठले. चपला घातल्या. दार ओढून घेताना मागं पाहिलं, तर तिनं दुसरा घास करून हातात तयार धरला होता. तो डोळे मिटून चावत होता, आणि स्कार्फच्या आत तिची हनुवटी त्याच्याबरोबर हळूहळू हलत होती.